लाडवांच्या डब्यातले बूट

एकोणीसशे एकोणसत्तर साल. मी अठरा वर्षांचा होतो, आणि कॉव्हेंट्रीत माझ्यासारखा पळणारा दुसरा नव्हता. फुशारकी म्हणा हवं तर. आज मला घरातला जिना चढताना मध्ये एकदा थांबावं लागतं, म्हणून तेव्हाचं काही खोटं ठरत नाही. शिक्षण म्हणाल तर गावाकडं सहावीपर्यंत, आणि इथं आल्यावर एक वर्ष शाळेत बसलो. बसलोच फक्त, कारण मास्तर काय बोलतात ते कळायच्या आत शाळा सोडायचं वय झालं. मग आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला ते कामाला होते त्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत चिकटवलं. फाउंड्रीवाले नव्या पोरांना आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, टेक्निकल कॉलेजात धाडायचे. त्यामुळं मीही कॉलेजला गेलेलो आहे असं म्हणायला मोकळा आहे. तिथं मी वेल्डिंग शिकलो, ड्रॉइंग वाचायला अर्धंमुर्धं शिकलो, आणि पळालो.

आमचं घर रांगेतलं होतं, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्या. पुढच्या खोलीत कोळशाची शेगडी, तिच्यावरच्या भिंतीला दोनच फोटो: एक बुद्धाचा आणि एक निळ्या कोटातला. आई रोज संध्याकाळी त्यांच्यापुढं मेणबत्ती लावायची. बाकी भिंत मोकळी. जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा नाही, असं आईचं म्हणणं. भिंतीवर चढायला आधी जावं लागतं, मग हार मिळतो. ज्वारी मिळत नव्हती, म्हणून ती पंजाब्याच्या दुकानातून मक्याचं पीठ आणायची आणि त्याच्या भाकरी थापायची. मक्याची भाकरी मोडते, ऐकत नाही. आई तिला दामटायची, आणि तो थाप-थाप आवाज भिंतीतून पलीकडं जायचा. पलीकडं मिसेस डॉइल म्हणून आयरिश बाई राहायची, नवरा गेलेली. ती लाटण्यानं भिंतीवर दोन ठोके द्यायची. पहिल्यांदा आईला वाटलं, बाई चिडली. मग कळलं, ती विचारतेय, आज मला काही आहे का?

ह्या दोघींच्या मैत्रीत एक पत्र्याचा डबा होता. बिस्किटांचा, झाकणावर घोडागाडीचं चित्र. आम्ही आलो त्या पहिल्या ख्रिसमसला मिसेस डॉइलनं त्यात केक घालून दिला होता. आईनं डबा धुतला, पुसला, आणि बेसनाचे लाडू भरून परत केला. दिलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढं आईला पक्कं ठाऊक. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाही. मिसेस डॉइलला वाटलं ही नवी भेट, तिनं डब्यात सोडा ब्रेड घातला. आईनं चिवडा. असा तो डबा मागच्या अंगणातल्या कुंपणावरून चार वर्षं ये-जा करत होता, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती ती नव्हतीच.

पळायचं कसं सुरू झालं ते सांगतो. सकाळी बस भरलेली असायची आणि मला ताटकळत उभं राहायचा कंटाळा, म्हणून मी फाउंड्रीपर्यंत पळत जायचो. थंडीत तोंडातून वाफ निघायची. दुधाच्या गाडीतल्या बाटल्या किणकिणायच्या, मी त्या गाडीला मागं टाकायचो आणि दूधवाला ओरडायचा, "गो ऑन, सिड!" माझं नाव सुदाम. इथं आल्या आठवड्यात त्याचा सिड झाला. कॉलेजातले खेळाचे मास्तर प्रिचर्ड, त्यांनी मला असंच एकदा बसच्या पुढं पळताना पाहिलं आणि शुक्रवारी वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "वाघमारे, तू कुणापासून पळतोयस?" मी म्हटलं, "कुणापासून नाही, कामाला." ते मोठ्यानं हसले. माणूस चांगला होता, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे येतं त्यात तो वाईट दिसेल. थंडीत स्वतःचा स्वेटर काढून त्यांनी माझ्या अंगावर घातलेला आहे.

त्या हिवाळ्यात मी कॉलेजकडून शेतांतून, चिखलातून पळायच्या चार शर्यती जिंकल्या. चौथीला काय झालं, की माझे कॅनव्हासचे बूट कुणाचे तरी उतरलेले, एक माप मोठे. नाल्यापाशी डावा बूट चिखलानं ओढून घेतला. पोरं थांबतात अशा वेळी, बूट शोधतात. मला अनवाणी पायाचं काय कौतुक! गावाकडं बारा वर्षांचा होईस्तोवर पायात काही नव्हतं. उलट त्या गार चिखलात पाय मोकळा झाला आणि मला वाटलं, मी आमच्या ओढ्यातच पळतोय. जिंकलो. पेपरवाल्यानं फोटो काढला: तोंड उघडं, डोळे मिटायला आलेले, छातीपर्यंत चिखल, एका पायात बूट, दुसरा उघडा. तो फोटो गावात फार आवडला. गाव म्हणजे कॉव्हेंट्री. मी अजून गावच म्हणतो. कॉलेजानं तो आपल्या माहितीपुस्तकाच्या कव्हरवर छापला. वर लिहिलं, आमचं दार सगळ्यांना उघडं. आणि बाजारातल्या एका बुटांच्या दुकानदारानं तो माणसाएवढा मोठा करून काचेत लावला. खाली लिहिलं, हा एका बुटावर जिंकला, दोन असते तर?

मला दोघांपैकी कुणीही विचारलं नव्हतं.

हे सगळं आत्ता उकरून काढायला कारण आमची नेहा. थोरल्याची मुलगी, लंडनात हाउन्सलोत वाढलेली, आता युनिव्हर्सिटीत आहे आणि आठशे मीटर पळते. पाय माझे घेतलेत तिनं. परवा आली, स्वयंपाकघरात टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, एक ड्रिंकवाला कंपनी आहे, त्यांना माझी फोटो पाहिजे. बसवर, फोनवर, सगळीकडे. पैसे देणार. तुम्हाला काय वाटतो?"

"वाटतं," मी म्हटलं.

"हां, वाटतं. माझा फ्लॅटमेट म्हणतो, हे सेलिंग आउट आहे. स्पोर्ट प्युअर पाहिजे."

"तो पळतो का?"

"नो, तो फिलॉसफी करतो."

मग मी तिला हे सांगितलं, जे आता लिहितोय. कागद अजून तिथंच आहे, उडू नये म्हणून वर घोडागाडीचा डबा ठेवलाय. डबा आता गंजलाय आणि त्यात मी मोहरी ठेवतो. पण आहे.

तर काचेतल्या फोटोची बातमी घरी आणली मिसेस डॉइलनं. शनिवारी ती आईला हाताला धरून बाजारात घेऊन गेली. आई काचेपुढं उभी राहिली. मग तिनं दोन्ही हात काचेवरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, भर बाजारात. लोक बघायला लागले. दुकानदार बाहेर आला, हॉब्ज त्याचं नाव, टकला, गळ्यात मापाची टेप. मिसेस डॉइलनं सांगितलं की ही त्याची आई. त्यानं आईला आत नेलं, खुर्ची दिली, आणि सवयीनंच म्हणा, गुडघ्यावर बसून तिच्या पायाचं माप घेतलं. आईला बूट घ्यायचे नव्हते, पण तिला नको म्हणता आलं नाही. घरी आल्यावर ती आबांना म्हणाली, "अहो, त्यानं माझ्या पायाला हात लावला हो." आबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. तिकडं आमच्या मूळ गावात दुकानाच्या पायरीशी आईला उभं राहू देत नसत, सामान वरून टाकायचे. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, घास खाली ठेवलेला बघून कळलं.

हॉब्जनं तिला त्या फोटोची एक प्रत पुठ्ठ्यावर चिकटवून दिली. भिंतीवर तर लावायची नाही, म्हणून आईनं ती कपाटात पिठाच्या पिंपामागं उभी केली, म्हणजे पीठ काढताना रोज दिसावी. पण फुकट घेतलेलं तिला पचेना. सोमवारी तिनं बेसन भाजलं, लोणी कढवलं, सगळ्या रस्त्याला वास गेला, आणि घोडागाडीचा डबा भरून मिसेस डॉइलच्या हाती दुकानात धाडला. मिसेस डॉइलनं हॉब्जला बजावलं, की हे खा, छान असतात, पण डबा रिकामा धाडू नकोस, ह्या लोकांत ते चालत नाही. तीन दिवसांनी डबा परत आला. आईनं झाकण उघडलं. आत पातळ कागदात गुंडाळलेले पळायचे बूट, काळ्या चामड्याचे, तळाला खिळे. मिसेस डॉइलनं माझ्या फाउंड्रीच्या बुटाची रेघ पेपरवर ओढून नेली होती, मला पत्ता नाही. बुटांबरोबर चिठ्ठी: लाडू पहिल्याच दिवशी संपले. आईनं ती चिठ्ठी तीनदा वाचून घेतली माझ्याकडून. बुटांचं तिला विशेष नव्हतं. आपल्या हातचं त्यानं खाल्लं आणि आपलं भांडं भरून दिलं, ह्याचं होतं.

मी ते बूट घालून शुक्रवारी सरावाला गेलो. असे बूट मी पुन्हा कधी घातले नाहीत. जमीन पायाला धरून ठेवायची आणि वेळेवर सोडायची. प्रिचर्ड घड्याळ हातात घेऊन उभे होते, त्यांनी माझी वेळ पाहिली, मग पाय पाहिले.

"कुठून आणलेस?"

"आईच्या डब्यातून."

ते हसले. मग मी सगळं सांगितलं, काचेतला फोटो, लाडू, चिठ्ठी, आणि त्यांचं हसू जिरत गेलं. त्या काळी नियम असा होता, की हौशी पळणाऱ्यानं आपल्या पळण्याबद्दल, आपल्या फोटोबद्दल, कुणाकडूनही काही घ्यायचं नाही. पैसा नाही, वस्तू नाही. घेतलं तर नाव कटलं. आणि पुढच्या शनिवारी लंडनला सगळ्या कॉलेजांची शर्यत होती. तिच्यासाठी मी अख्खा हिवाळा दुधाच्या गाड्यांना मागं टाकत होतो. "हे मला वर कळवावं लागेल, सिड," ते म्हणाले. "मी बघतो काही करता येतं का."

घरी आईला मी समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं, आणि तिच्या डोक्यात तिचा निवाडा तयार झाला. डब्यातून आलेलं परत करता येत नाही, ते लाडवांचं आहे. परत केलं तर त्या माणसाचा अपमान. पण फोटो त्यानं हातात दिला होता, तोच तेवढा वरचा आहे. तो दिला की झालं, फिटलं. बुधवारी मी कामावर असताना ती मिसेस डॉइलला घेऊन गेली आणि पिंपामागचा फोटो हॉब्जच्या काउंटरवर ठेवून आली. हॉब्ज बिचारा नको नको म्हणत होता. आई घरी येऊन मला म्हणाली, "आता सांग तुझ्या मास्तरला. आमच्याकडं त्याचा फोटो नाही." तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की मला सांगता येईना, आई, तू उलटंच करून आलीस.

शुक्रवारी प्रिचर्डांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद आणि पेन. शेजारी कॉलेजच्या माहितीपुस्तकांचा कमरेएवढा गठ्ठा. सगळ्यात वर मी, तोंड उघडं, एका बुटावर.

"एवढी सही कर," ते म्हणाले. "बूट दुकानात परत कर आणि उद्या सकाळी बसमध्ये बस. बाकी मी सांभाळलंय."

मी हळूहळू वाचतो, आजही. तेव्हा तर एकेका शब्दावर बोट. लिहिलं होतं, की माझ्या आईनं अज्ञानापोटी माझ्या फोटोच्या बदल्यात दुकानदाराकडून बूट घेतले, आणि असं पुन्हा होणार नाही.

"अज्ञान म्हणजे?"

"म्हणजे तिला माहीत नव्हतं."

"तिला माहीत होतं, सर. तुम्हाला माहीत नाही."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मी गठ्ठ्याकडं बोट केलं. "ह्याचा कागद कुठाय? ह्याच्यावर माझी सही कधी घेतली?"

"ते कॉलेजचं आहे, सिड. त्यात कुणी पैसे घेतलेले नाहीत."

"माझा चेहरा फुकट उचलला तर चालतं. ज्यानं बदल्यात काही दिलं तो गुन्हेगार, आणि माझी आई अडाणी."

"मी नियम केलेले नाहीत रे," ते म्हणाले, आणि खरंच त्यांचा आवाज खाली आला होता. "लंडन आहे, वाघमारे. तू जिंकशील."

मी कागद तसाच ठेवून बाहेर आलो.

रात्री जेवायला बसलो. आबा शेवटी म्हणाले, "शर्यत मोठी आहे, बघ." एवढंच. मग आई म्हणाली, "कर की सही. मी अडाणी आहेच की रे. मला काय त्याचं?" आणि भाकरीचा तुकडा माझ्या ताटात टाकला. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. लोकांना मी सांगत आलो, की आईच्या मानासाठी सही केली नाही. पण आई तर कर म्हणत होती. तिला मला लंडनला पळताना बघायचं होतं, निदान मी पळालो असं ऐकायचं होतं. सही केली नाही ती मी, माझ्या हट्टानं. आजही करणार नाही. पण तिच्या त्या "कर की" मधला लोभ आता ऐकू येतो, आणि अशा वेळी मी उठून मोहरीचा डबा उगाच पुसतो.

तो फोटो माझ्याकडं नाही. आई गेल्यावर सगळं घर शोधलं, जसं काही तिनं तो परत केलाच नव्हता. हॉब्जचं दुकान कधीच उठलं, तिथं आता फोन विकतात. कॉलेजची जुनी इमारत पाडली. माहितीपुस्तकाची ती कव्हरं पुढं चार वर्षं तशीच छापत होते. मी फाउंड्रीत भट्टीपुढं आणि कॉलेजच्या कव्हरवर मी. तेव्हा रागानं मी एकही प्रत घरात येऊ दिली नाही. आता वाटतं, एक ठेवायला हवी होती, पिंपामागं. माझा अठरा वर्षांचा चेहरा कुणाच्या तरी माळ्यावर पडला असेल, आणि मला तो आठवत नाही. पायाखालचा गार चिखल आठवतो, चेहरा नाही. कधी कधी मोठ्या पार्कात बाकावर बसतो, पोरं पळत जातात, त्यांच्या श्वासाचा आवाज कानाजवळून जातो, आणि माझे पाय बुटातल्या बुटात हलतात.

नेहाला मी म्हटलं, घे. ज्याच्या तोंडावर दुसऱ्याचं दुकान चालतं, त्याला त्यातलं मिळालंच पाहिजे, मग तो कॉलेजात असो की कुठं. त्यानं पळणं मळत नाही. मळतं ते विचारल्याशिवाय घेतल्यानं. फक्त कागद सगळा वाच, आणि कुणाबद्दल खोटं लिहिलंय का ते बघ. ती म्हणाली, "कुणाबद्दल म्हणजे, आजोबा?" मी म्हटलं, "घरातल्या कुणाबद्दल."

तर तेव्हा, सही न करता आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, शर्यतीच्या शनिवारी सकाळी, मला थाप-थाप आवाजानं जाग आली. अजून उजाडायचं होतं. खाली आलो तर आईनं भाकरी करून ठेवल्या होत्या आणि ती डब्यात लाडू रचत होती. म्हणाली, "जा, देऊन ये. लांबचा प्रवास आहे पोरांचा."

"आई, ती पोरं माझ्याशिवाय चाललीत."

"मग काय उपाशी जातील?"

भिंतीवर पलीकडून दोन ठोके पडले. आईनं एक लाडू बाजूला काढून ठेवला. मी वर गेलो, हॉब्जचे बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या, डबा छातीशी धरला आणि पळत सुटलो. खिळ्यांचे बूट रस्त्यावर घालायचे नसतात, खिळे झिजतात. झिजू दे म्हटलं. दगडी फुटपाथवर असा खणखणाट झाला, की एका घराची खिडकी उघडली. दूधवाला काही ओरडला नाही, नुसता बघत राहिला. कॉलेजच्या फाटकाशी बस उभी होती, इंजिन चालू. प्रिचर्ड दारात यादी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं आणि परत यादीत डोकं घातलं. माझ्या जागी टेरी नावाचा पोरगा चालला होता, त्याच्या मांडीवर मी डबा ठेवला.

"लाडू आहेत," मी म्हटलं. "सगळ्यांना दे. सरांनाही."

मग प्रिचर्डांकडं वळून सांगितलं, "डबा रिकामा धाडू नका."

शनिवारी फाउंड्रीची अर्धी पाळी असायची. बस डावीकडं वळली, मी उजवीकडं, आणि भोंगा व्हायच्या आत पोचलो.